मदत हवी आहे : गणपतराव देशमुखांच्या १९७४ च्या पोटनिवडणुकीचे आकडे

सांगोल्याच्या (जि. सोलापूर) आबांच्या, म्हणजे गणपतराव देशमुखांच्या, सगळ्या निवडणुकांचा तक्ता करतोय, पुढच्या आठवड्यात एका छोट्या लेखासाठी द्यायचाय. ११ वेळा आमदार हे सगळ्यांनाच पाठ आहे, पण त्यातली एक जीत पोटनिवडणुकीतली, १९७४ ची, आणि गाडी नेमकी तिथेच अडलीय. १९६२ ला पहिल्यांदा निवडून आले, १९७२ ला पडले, मग १९७४, पुढे १९९५ ला शहाजीबापू पाटलांकडून जेमतेम १९२ मतांनी हरले (हे आकडे बघताना अजूनही चुटपुट लागते), १९९९ ते २०१४ सलग चार.

निवडणूक आयोगाच्या साईटवरच्या सांख्यिकी अहवालांच्या पीडीएफ चाळून झाल्या, पण त्यात सार्वत्रिक निवडणुकाच आहेत. विकिपीडिया सांगू नका प्लीज, छापील किंवा सरकारी आधारच पाहिजे. मुंबईला विधिमंडळाच्या लायब्ररीत जाणं सध्या जमणार नाही, सोलापूरला मात्र एखाद दिवस जाऊ शकतो.

तर १९७४ ची उमेदवारनिहाय मतं कुठे मिळतील, राजपत्रात छापतात का, की सोलापुरात जुन्या पेपरांच्या फाईली कुठे बघायला मिळतात?