खान्देशच्या रस्त्यांवर छोटी एसयूव्ही: तुमची गाडी खरं ॲव्हरेज किती देते?

आपल्याकडे नवी गाडी दारात उभी राहिली की पेढा तोंडात जायच्या आधी प्रश्न येतो, "कितला ॲव्हरेज देस भो?" मालक बहुतेक वेळा कंपनीचा आकडा सांगून मोकळा होतो. तो आकडा खोटा नसतो, पण तो आपल्या रस्त्यावरचा नसतो. तो प्रयोगशाळेत रोलरवर गाडी चालवून काढतात. एसी बंद असतो आणि वेग ९० च्या वर जात नाही. आपण मे महिन्यात ४५ अंशात, एसी चारवर ठेवून, पाच माणसं नि डिकीभर सामान घेऊन निघतो. त्या प्रवासाचा आकडा कुठल्याच कागदावर छापलेला नसतो.

म्हणून ब्रेझा, नेक्सॉन, क्रेटा, सेल्टोस, ग्रँड विटारा अशा उंच गाड्या रोज वापरणाऱ्या मंडळींना लिहायची विनंती केली, आणि पेट्रोलमध्ये मिसळल्या जाणाऱ्या इथेनॉलने ॲव्हरेज उतरतं का, तेही विचारलं. अट एकच होती, मोजमाप टाकी फुल ते टाकी फुल हवं. नोझल पहिल्यांदा कट झालं की थांबायचं, ट्रिप मीटर शून्य करायचा, तीन-चारशे किलोमीटर चालवून त्याच पंपावर पुन्हा तशीच भरायची आणि किलोमीटरला लिटरने भागायचं. डॅशबोर्डवरचा आकडा धरू नका, बहुतेक गाड्यांत तो थोडा फुगलेला असतो.

माझ्यापासून सुरुवात करतो. जळगावात पेट्रोल ब्रेझा, मॅन्युअल. शहरात १२ ते १३. चौपदरी रस्त्याने भुसावळ, मुक्ताईनगरकडे ८०-८५ च्या वेगाने गेलो तर १८-१९. त्याच रस्त्यावर ११० ने गेलो की १५ वर येते. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो, आणि या गाड्या उंच नि रुंद असल्याने हॅचबॅकपेक्षा तो जास्त जाणवतो. रस्ता चांगला झाला म्हणून ॲव्हरेज वाढेल असं सगळ्यांना वाटलं होतं. ज्याने पाय आवरला त्याचंच वाढलं.

रावेर, केळी उत्पादक

माझी २०१८ ची विटारा ब्रेझा, १.३ डिझेल. कंपनी २४.३ म्हणायची. मला बुऱ्हाणपूर–अंकलेश्वर रस्त्यावर, म्हणजे सावदा, फैजपूर, यावल, चोपडा या पट्ट्यात १९ ते २१ मिळतं. केळीचे ट्रक, ट्रॅक्टर आणि दर गावाला गतिरोधक असूनही एवढं मिळतं. २०२० च्या एप्रिलपासून मारुतीने डिझेल बंद केलं. म्हणून ही गाडी विकायचं नाव काढलं की घरात वाद होतो. मी नाहीच विकणार.

ॲव्हरेजपेक्षा मला दुसरंच सांगायचंय. नवे घेणारे उंची बघून समजतात की गाडी वावरात जाईल. कोरड्यात जाते. गाडरस्त्याचा मधला उंचवटा खाली लागत नाही, हा मोठा फायदा आहे. हॅचबॅकचा चेंबर दरवर्षी घासायचा. पण पाऊस पडल्यावर आपली काळी माती वेगळीच असते. टायरच्या खाचा चिखलाने भरल्या की टायर गुळगुळीत होतो आणि ओढ फक्त पुढच्या दोन चाकांना असल्यामुळे ती जागेवर फिरत राहतात. गाडी किती उंच आहे याचा तिथे काही उपयोग नाही. मी जून ते सप्टेंबर गाडी डांबरावर लावतो आणि मळ्यापर्यंत ट्रॅक्टरने किंवा पायी जातो.

दुसरं, केळीचा चीक. मागची सीट पाडून घड टाकायचे असतील तर खाली जाड ताडपत्री हवीच, आणि ती दाराच्या कडेपर्यंत वर दुमडलेली हवी. चीक ओला असताना पाण्यासारखा दिसतो, लक्षातही येत नाही. दुसऱ्या दिवशी तिथे तपकिरी डाग उमटतो तो गाडी विकेपर्यंत राहतो. कपड्याचं जे होतं तेच सीटचं.

तिसरं, उंदीर. खळ्याजवळ गाडी उभी राहते, रात्री इंजिन गरम असतं, उंदीर आत शिरतात आणि वायरी कुरतडतात. वायरिंगचा खर्च डिझेलच्या वर्षभराच्या बचतीएवढा येऊ शकतो. मी रात्री बॉनेट थोडं उघडं ठेवतो. आत उजेड-वारा असला की ते बसत नाहीत, असा आमच्याकडच्या सगळ्यांचा अनुभव आहे. धुळीच्या दिवसांत एअर फिल्टर सर्व्हिसिंगची वाट न बघता झटकून घ्यावा. तो तुंबला की गाडी जड चालते.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, बहिणींना आणायला जातो तेव्हा पाच मोठी माणसं, पोरं, बॅगा आणि परत येताना सासरचे डबे. तेव्हा ॲव्हरेज दीड-दोनने उतरतं. त्या दिवशी मी हिशोब बघत नाही.

धुळे, औषध कंपनीचा प्रतिनिधी

सीएनजी ब्रेझा. कंपनीचा आकडा किलोला २५.५१. शिरपूर, दोंडाईचा, नंदुरबार असं माझं रोजचं फिरणं आहे. मोकळ्या रस्त्यावर २२ ते २४ पडतं. पेट्रोलवर हीच गाडी १७ देते. किलोमीटरमागे दोनेक रुपये वाचतात. पण सीएनजी घेताना लाखाच्या आसपास जास्त मोजावे लागतात, म्हणजे पन्नासेक हजार किलोमीटर झाल्यावर खरी बचत सुरू होते. ज्याचं महिन्याला पाचशे किलोमीटरही रनिंग नाही त्याने सीएनजीचा विचार सोडून द्यावा.

गैरसोयी सांगतो, कारण शोरूममध्ये त्या कुणी सांगत नाही. डिकी गेली. सॅम्पलच्या बॅगा मागच्या सीटवर असतात, त्यामुळे कुणाला लिफ्ट द्यायची सोय नाही. लळिंगच्या चढावर भरलेली गाडी चौथ्या गिअरला दमते, तिसरा टाकावाच लागतो. दुपारी रांगेत तासभर उभं राहून भरलं तरी टाकीत गॅस कमी बसतो, कारण गरम टाकीत त्याच दाबाला गॅस कमी मावतो. मी पहाटे भरतो, रांगही नसते. आणि दर तीन वर्षांनी टाकीची हायड्रो टेस्ट, म्हणजे पाण्याचा दाब देऊन तपासणी, करून घ्या. ते कागद पंपावर मागतात, मागायलाच हवेत.

नवापूर

आमचं रेल्वे स्टेशन अर्धं महाराष्ट्रात, अर्धं गुजरातमध्ये. पेट्रोलचंही तसंच आहे. सीमा ओलांडली की लिटरमागे आठ-दहा रुपये कमी. इथल्या माणसाने पलीकडे भरणं साहजिक आहे. पण साक्रीहून मुद्दाम येणारेही भेटतात, त्यांचं गणित बसत नाही. टाकीमागे तीन-साडेतीनशे वाचवायला जाण्यायेण्यात त्याहून जास्त पेट्रोल जळतं. सुरतला जाणं असेल तेव्हाच येताना भरून घ्या.

भुसावळ, रेल्वेत नोकरी

घरातली गाडी मीच चालवते. पेट्रोल, ऑटोमॅटिक. ऑफिस, मुलीची शाळा, भाजीबाजार. एकेक फेरी तीन-चार किलोमीटरची. हिवाळ्यात १२ मिळतं, मे महिन्यात ९. ९ ऐकून लोक गाडीत दोष आहे म्हणतात. दोष नाही. इंजिन पुरतं तापायच्या आत फेरी संपते, आणि एसीवर उभी गाडी तासाला लिटरभर पेट्रोल सहज पिते. शाळेबाहेर वीस मिनिटं एसी लावून थांबणाऱ्या गाड्यांची रांग बघितली की मला सगळ्यांच्या काचांवर टकटक करून हे सांगावंसं वाटतं.

उन्हात तापलेल्या गाडीत बसल्याबरोबर एसी पूर्ण सोडू नका. आधी चारी काचा उघडून मिनिटभर चालवा, आतली भट्टी बाहेर जाऊ द्या, मग काचा बंद करून रिसर्क्युलेशन, म्हणजे आतलीच हवा फिरवणारं बटण, लावा. गाडी लवकर गार होते.

पण ही गाडी घेतली ती सासूबाईंच्या गुडघ्यांसाठी. आधीच्या गाडीत त्यांना खाली वाकून बसावं लागे. उतरताना एक हात दाराला, एक माझ्या खांद्यावर, आणि तरी दोनदा प्रयत्न करावा लागायचा. आता सीट त्यांच्या कमरेच्या उंचीला येते. त्या पाठमोऱ्या टेकतात, वळतात, पाय आत घेतात. कुणाचा हात लागत नाही. घेण्याआधी घरातल्या म्हाताऱ्या माणसाला शोरूमला घेऊन जा आणि चार वेळा बसवून-उतरवून बघा. काही गाड्या इतक्या उंच असतात की त्यांना पाय उचलावा लागतो, मग तो त्रास वेगळा.

शहादा, शाळेत विज्ञान शिकवतो

तोरणमाळचा हिशोब देतो, कारण "घाटात गाडी पेट्रोल पिते" एवढंच सगळे म्हणतात. माणसांसकट गाडी दीड टन धरा, चढ हजार मीटरचा धरा. एवढं वजन एवढं वर न्यायला सुमारे १५ मेगाज्यूल ऊर्जा लागते. एक लिटर पेट्रोलमध्ये ३२ च्या आसपास असते, पण इंजिन त्यातली पंचवीस-तीस टक्केच चाकांपर्यंत पोचवतं. म्हणजे नुसतं वर चढायला दीड ते दोन लिटर. सातपायरी घाटात डॅशबोर्डवर ६-७ दिसतात तेव्हा घाबरू नका, गाडी हिशोबाप्रमाणेच चालली आहे. यशवंत तलावावर बसून चहा घ्या.

उतरताना त्यातलं थोडं परत मिळतं, पण गाडी गिअरमध्ये असेल तरच. ॲक्सिलरेटर सोडून दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये उतरलं की आजकालची इंजिनं इंधन पूर्ण तोडतात, चाकंच इंजिन फिरवतात. न्यूट्रल केलं तर इंजिन चालू ठेवायला पेट्रोल लागतंच, शिवाय सगळा भार ब्रेकवर येतो. तापलेले ब्रेक वळणावर लागत नाहीत. न्यूट्रलने पेट्रोल वाचतं ही समजूत जीवघेणी आहे, हे मी वर्गातही सांगतो.

इथेनॉलबद्दल विचारलंय म्हणून: त्यात लिटरमागे ऊर्जा पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांशाने कमी असते. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालात मूळ साध्या पेट्रोलसाठी बनवून १० टक्के मिश्रणाला जुळवलेल्या चारचाकींचं ॲव्हरेज २० टक्के मिश्रणावर ६ ते ७ टक्क्यांनी उतरेल असा अंदाज आहे. १७ देणारी जुनी गाडी १६ देऊ लागली असेल तर मेकॅनिककडे पळू नका.

अमळनेर, किराणा व्यापारी

डिझेल घेणाऱ्यांनी हे वाचाच. मी रोज धुळ्याला जायचो तोवर गाडी १९-२० देत होती, तक्रार शून्य. मग काम गावातच आलं, रोज दोन-चार किलोमीटर. काही महिन्यांत डॅशबोर्डवर फिल्टरचा दिवा लागला आणि गाडीचा दम गेला. बीएस-६, म्हणजे नव्या प्रदूषण नियमांच्या, डिझेल गाडीत धुराच्या वाटेत काजळी अडवणारा फिल्टर असतो. ती काजळी जाळायला इंजिन बराच वेळ तापलेलं राहावं लागतं, ते गावातल्या फेऱ्यांत होत नाही. कंपनीचं नाव लिहीत नाही, प्रश्न सगळ्याच नव्या डिझेलचा आहे. पण विकताना हे एका शब्दाने सांगितलं नाही, याचा राग मला अजून आहे. आता दर रविवारी पारोळ्याकडे नेतो, २००० आरपीएमच्या वर अर्धा तास सलग चालवतो. दिवा परत लागला नाही.

साक्री

हवा सकाळी गार टायरमध्ये तपासा. कोंडाईबारी घाटातून खाली आल्यावर पंपावर मोजलं तर ती वाढलेलीच दिसणार, आणि तो मुलगा काढून टाकणार. दुसऱ्या दिवशी टायर बसलेले, ॲव्हरेज उतरलेलं. दाराच्या चौकटीवर आकडा लिहिलेला असतो, तोच धरा.

चाळीसगाव

ग्रँड विटारा हायब्रिड. कंपनी २७.९७ सांगते, मला २२ ते २४ मिळतं. गंमत अशी की इतरांची गाडी गावात कमी देते, माझी गावात जास्त देते. सिग्नलला, गर्दीत ती बॅटरीवर सरकते. महामार्गावर १०० ने धरली की २० च्या खाली येते, तिथे बॅटरीला फारसं काम नसतं.

कन्नड घाटाने संभाजीनगरला आईच्या उपचारांसाठी जावं लागतं. उच्च न्यायालयाच्या खंडपीठाच्या आदेशाने ऑगस्ट २०२३ पासून घाटात जड वाहनांना बंदी आहे. त्याआधी ट्रकमागे पहिल्या गिअरला तास-तास जायचा, आत रुग्ण असला की जीव नको व्हायचा. आता एका लयीत चढता येतं. उतरताना बॅटरी भरते खरी, पण ती एक युनिटही साठवत नाही, अर्ध्या घाटातच भरून जाते; पुढे इंजिनच धरून ठेवतं. डिकीत बॅटरी असल्याने व्हीलचेअर घडी करूनही सरळ बसत नाही, आडवी घालावी लागते. रुग्ण घरात असेल तर आपली व्हीलचेअर सोबत नेऊन डिकीत ठेवून बघा.

पुन्हा जळगावहून

चाळीसगावच्या दादांचं व्हीलचेअरचं आणि भुसावळच्या ताईंचं सीटच्या उंचीचं, दोन्ही मी गाडी घेणाऱ्या प्रत्येकाला वाचायला लावणार आहे. इलेक्ट्रिकवाल्यांनी अजून काहीच लिहिलं नाही. नेक्सॉन ईव्ही किंवा तशी कुठलीही गाडी असलेल्यांनी मे महिन्यातलं लिहा: एसी लावून, घरची माणसं बसवून, जळगावहून नाशिकला निघालात तर चार्जिंग कुठे केलं, किती वेळ थांबलात आणि घरी पोचताना किती टक्के उरले होते. हिवाळ्यातला आकडा त्याच्या शेजारी लिहिलात तर फारच उपयोग होईल.