शिडाच्या बोटीवर सूर्यास्त आणि जेवण: आई-बाबांना न्यावं का?

सांजवेळ

आई-बाबांच्या लग्नाला चाळीस वर्षं होताहेत. साडी, दागिना, घड्याळ यातलं काहीही आणलंत तर परत पाठवू, असं दोघांनी आधीच बजावून ठेवलंय. म्हणून आम्ही भावंडांनी ठरवलं की वस्तू नको, एक संध्याकाळ देऊ. लगूनमध्ये, म्हणजे समुद्रालगतच्या आडोशाच्या पाण्यात, शिडाच्या बोटीतून अडीच तासांची सफर, सूर्यास्त आणि बोटीवरच जेवण. जाहिरातीत फुगलेलं पांढरं शीड आहे, मागे लालभडक सूर्य आणि टेबलावर दोन मेणबत्त्या. मी तर बघताक्षणी पाघळले.

पण काळजी दोन गोष्टींची. आईला घाटात गाडी लागते. बाबांचा उजवा गुडघा दुखरा आहे, जिना चढतात पण कठड्याला धरून. दोघांनाही पोहता येत नाही. कुणी अशी सफर केली असेल तर सांगा, हे वेडं धाडस आहे की करता येण्यासारखं आहे? आणि आधी काय काय विचारून घ्यावं?

हौशी_तांडेल

ताई, करता येण्यासारखं आहे, नक्की करा. पण आधी त्या मेणबत्त्यांचं सांगतो. शीड फुगलेलं आणि ज्योत सरळ उभी, हे दोन्ही एकाच फोटोत दिसलं की समजायचं, बोट धक्क्याला बांधलेली आहे आणि शीड कुणीतरी फोटोपुरतं ताणून धरलंय.

मी अकरा वर्षं हौसेने शिडाची बोट चालवतोय आणि त्यातले दोन हंगाम अशाच जेवणाच्या सफरींवर खलाशी म्हणून बिनपगारी राबलोय. त्यावरून सांगतो, शीड आणि जेवण यांचं मुळात पटत नाही. वारा असेल तर बोट कलते, आणि एका बुडाची बोट दहा-पंधरा अंश कलली की टेबलावरचं सगळं एका बाजूला चालू लागतं. वारा नसेल तर जेवण निवांत होतं, पण मग शीड म्हणजे नुसता पडदा. माझ्या पहिल्याच आठवड्यात तांडेलाने (बोट चालवणाऱ्या प्रमुखाने) बोट वळवायची हाक दिली, मी सूपचे वाडगे मांडण्यात गुंग. बोट या कुशीवरून त्या कुशीवर गेली आणि एक वाडगा थेट एका बाईंच्या मांडीवर. सूप कोमट होतं म्हणून निभावलं. तेव्हापासून बुकिंग करणाऱ्या प्रत्येकाला मी सांगतो, सगळ्यात आधी एवढंच विचारा: शिडं किती वेळ उघडी असणार, आणि जेवण चालत्या बोटीत की नांगर टाकून?

दुसरं, निघायची वेळ. शाळेत खारे वारे आणि मतलई वारे शिकलो होतो ना, ते इथे कामी येतं. दिवसा जमीन पाण्यापेक्षा जास्त तापते, तिच्यावरची हवा हलकी होऊन वर जाते आणि समुद्रावरून खारा वारा आत येतो. दुपारी दोन-चारच्या सुमारास तो भरात असतो. ऊन कललं की जमीन निवायला लागते आणि वारा पडतो, नेमका सूर्यास्ताच्या आसपास. जमिनीकडून येणारा मतलई वारा सुटायला रात्र व्हावी लागते. मधल्या वेळात पाणी असं स्तब्ध होतं की आमच्यात त्याला नुसतं ‘आरसा’ म्हणतात. फोटोला उत्तम, शिडाला कुचकामी. मग तांडेल निमूट इंजिन लावतो. (हवामान बिघडलेलं असेल तेव्हा वारा रात्रभरही वाहतो, पण त्या दिवशी तुम्ही जाऊच नका.)

म्हणून शहाणी सफर सूर्यास्ताच्या दीड-पावणेदोन तास आधी निघते. वारा आहे तोवर शिडावर भटकायचं, सूर्य टेकायच्या आत आडोशाला नांगर टाकायचा, बोट स्थिर झाली की जेवायचं आणि अंधारात इंजिनावर परत यायचं. सूर्यास्ताच्या अर्धा तास आधी निघणारी सफर असेल तर शिडाचं नाव काढू नका, तो मोटरबोटीचा फेरफटका आहे. त्यातही मजा असते, पण तुम्ही ज्यासाठी निघालात ती गोष्ट ती नव्हे.

आईंसाठी: लगून हीच मोठी सोय आहे. व्हेनिस किंवा चिल्कासारखी काही लगून वाळूच्या दांड्यामागे असतात, बोरा बोरासारखी प्रवाळाच्या कड्यामागे. मोठी लाट बाहेरच फुटते, आत येते ती चुळबुळ. फक्त हे विचारा की बोट लगूनच्या तोंडातून बाहेर जाते का. काही तांडेल ‘सूर्य मोकळा दिसावा’ म्हणून तोंडापर्यंत नेतात. तिथे ओहोटीचं पाणी बाहेर धावत असतं, समोरून खारा वारा येत असतो, आणि दोघांच्या भांडणात आखूड, उभ्या लाटा उठतात. मळमळ व्हायला तेवढं पुरे. जोडबोट, म्हणजे दोन बुडांची कॅटामरान, मिळाली तर तीच घ्या. ती फारशी कलत नाही. आईंना मध्यभागी बसवा, नजर क्षितिजावर. आत केबिनमध्ये जायचं नाही आणि मोबाइलमध्ये डोकं घालायचं नाही. कान सांगतो हलतंय, डोळा सांगतो स्थिर आहे, या गोंधळातूनच पोट ढवळतं. गोळी घ्यायची तर डॉक्टरांना विचारून आणि निघायच्या अर्धा-एक तास आधी. एकदा मळमळ सुरू झाल्यावर तिचा फारसा उपयोग नाही. आणि तिने पेंग येते, हेही धरून चाला. रिकाम्या पोटीही नेऊ नका.

बाबांच्या गुडघ्याचं मात्र मला जास्त वाटतं. बोटीत चढायचं कसं? धक्क्यावरून थेट, की आधी डुगडुगत्या छोट्या होडीत आणि मग शिडीने वर? दुसरा प्रकार असेल तर सरळ नाही म्हणा. थेट धक्का असला तरी भरतीला पायरी ढोपरभर आणि ओहोटीला पुरुषभर, असं होऊ शकतं. अरुंद तोंडाच्या लगूनमध्ये पाणी फार चढत-उतरत नाही, पण विचारलेलं बरं. तरंगता धक्का असेल तर प्रश्नच मिटला.

लाइफ जॅकेट दोघांनाही पहिल्या मिनिटापासून, टेबलावर बसल्यावरसुद्धा.

पोटात_गोळा

वरच्या सगळ्याला अनुमोदन. माझी भर म्हणजे आमची फजिती. आम्हाला बुकिंगच्या वेळी ‘सूर्यास्ताच्या बाजूच्या’ खुर्च्या म्हणून जादा पैसे लावले. आम्ही दिले, उत्साह! बोट निघाली आणि दर दहा मिनिटांनी वळायला लागली. कधी सूर्य आमच्याकडे, कधी समोरच्या फुकट्यांकडे. शेवटी कर्मधर्मसंयोगाने आमच्या बाजूला आला, तर खाली पाणीच नाही! किनारा पूर्वेकडचा, सूर्य गेला जमिनीवरच्या टेकडीमागे, पंचांगात दिलेल्या वेळेच्या वीस मिनिटं आधी. तक्रार केली तर म्हणे, ‘सूर्य आमच्या हातात नाही.’ बरोबर आहे, पण नकाशा तर होता ना हातात.

हौशी_तांडेल

हा हा, सूर्यास्ताची बाजू! शिडाची बोट वाऱ्याच्या थेट तोंडावर जाऊच शकत नाही. साधारण पंचेचाळीस अंश सोडून, एकदा उजवीकडे एकदा डावीकडे, असं नागमोडी वर चढावं लागतं. पश्चिम किनाऱ्यावर खारा वारा सूर्याच्याच दिशेकडून येतो, त्यामुळे सूर्याकडे जायचं म्हटलं की ही नागमोड ठरलेलीच. जागा कुठलीही घ्या, निम्मा वेळ पाठ सूर्याकडे. नांगर टाकल्यावर मात्र बोट नाळ (पुढचं टोक) वाऱ्याकडे करून राहते, तेव्हा सूर्य कुठे असेल ते तांडेलाला आधी सांगता येतं. त्याला विचारून बसा, पैसे मोजून नको.

रात्रपाळी

सगळे सूर्यास्तावरच काय अडकलात? खरा रंग नंतर येतो. सूर्यबिंब बुडालं की लोक टाळ्या वाजवतात आणि ताटाकडे वळतात, मग दहा-पंधरा मिनिटांनी आकाश पेटतं तेव्हा सगळ्यांची तोंडं जेवणात. विषुववृत्ताच्या आसपास वीस-पंचवीस मिनिटांत काळोख होतो, उत्तरेकडे संधिप्रकाश बराच रेंगाळतो. जेवण तेवढं थांबवायला सांगा.

आणि काळोखी रात्र असेल तर पाण्यात हात घालून बघा. काही लगूनमध्ये सूक्ष्मजीव इतके असतात की पाणी ढवळलं की निळसर चमकतं. जमैकात फालमथजवळचं लगून त्यासाठीच प्रसिद्ध आहे. त्या वेळी कुणी मोबाइलची बॅटरी लावली तर तिला पाण्यात टाकावं (बॅटरीला, माणसाला नाही). अंधाराला सरावलेले डोळे एका झगमगाटात जातात आणि परत सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात.

सांजवेळ

किती छान उत्तरं! मग तारीख कुठली धरू? पौर्णिमा की अमावास्या? आणि एक संकोचाचा प्रश्न, बाबांना दर तासाला जावं लागतं. बोटीवर सोय असते का?

हौशी_तांडेल

संकोच कसला, हा प्रश्न सगळ्यांचाच असतो, विचारत मात्र कुणी नाही. सोय असते, पण कपाटाएवढी, आणि बऱ्याच बोटींवर हाताने पंप मारायचा असतो. कागद त्यात टाकायचा नसतो, शेजारी डबा ठेवलेला असतो. निघण्याआधी खलाशाकडून बाबांना पंप दाखवून घ्या, आणि शक्यतो नांगर टाकलेला असताना जाऊ द्या. दुखऱ्या गुडघ्याने कलत्या बोटीत ते दार उघडणं म्हणजे कसरत.

तारीख: चमकतं पाणी हवं तर अमावास्येच्या आसपास. पण तुमच्या दोघांसाठी मी पौर्णिमेच्या आदल्या दिवसाची धरीन. पौर्णिमेला चंद्र सूर्यास्ताच्या सुमारास उगवतो, आदल्या दिवशी तो साधारण पाऊण तास आधीच वर आलेला असतो. म्हणजे पश्चिमेला सूर्य टेकतोय आणि पूर्वेला चंद्र हातभर वर, दोन्ही एकदम. पुढे जेवायला आणि उतरायला उजेडही मिळतो. एकच खोट, पौर्णिमेच्या आगेमागे उधाण असतं, पाणी जास्त चढतं-उतरतं. उतरायच्या वेळी ओहोटी किती असेल ते धक्क्यावर विचारा.

त्या रात्रपाळीवाल्यांच्या अंधारात बघण्यासारखं अजून एक. बोटीला डावीकडे लाल, उजवीकडे हिरवा आणि मागे पांढरा दिवा असतो, १९७२च्या आंतरराष्ट्रीय नियमांनुसार. पण इंजिन चालू असेल तर शीड वर असूनही ती नियमाने मोटरबोटच, आणि तिला पुढे रोखलेला आणखी एक पांढरा दिवा उंचावर लावावा लागतो. त्यामुळे रात्री समोरून येणारी बोट खरी शिडावर आहे की नुसती मिरवतेय, हे लांबूनच ओळखता येतं. बाबांना हे सांगा, त्यांना बसल्याबसल्या उद्योग मिळेल.

सांजवेळ

जाऊन आलो! पौर्णिमेच्या आदल्या दिवशीच. तीन ठिकाणी फोन केले. ‘शिडं किती वेळ उघडी?’ म्हटल्यावर एकाने ‘म्हणजे?’ विचारलं, त्याला तिथेच सोडलं. शेवटी जोडबोट मिळाली, तरंगता धक्का, सूर्यास्ताच्या पावणेदोन तास आधी निघणारी.

आई पहिला तासभर छान होती. मग तिने मावशीला फोटो पाठवायला मोबाइल काढला आणि पाच मिनिटांत पांढरी पडली. मोबाइल काढून घेतला, क्षितिजाकडे बघायला लावलं, हळूहळू सावरली. वारा खरंच सांगितल्यासारखा पडला. आधी दोऱ्या कण्हायच्या थांबल्या, मग शीड एकदा सैल फडफडलं आणि लोंबलं. तांडेलांनी इंजिनाला हात लावायच्या आधी बाबांना चाकापाशी बोलावलं. बोट जवळजवळ उभीच होती, पण बाबांनी दहा मिनिटं ती अशी काही हाकली की जणू महासागर ओलांडतायत.

बिंब पाण्याला टेकल्यापासून गडप होईपर्यंत बाबांनी घड्याळ लावलं होतं. अडीच मिनिटंसुद्धा नाहीत. आई म्हणाली, ‘एवढ्यासाठी एवढे फोन?’ आणि मग मागे वळून चंद्र बघितल्यावर काही बोलली नाही.

जेवण खोल काठाच्या वाडग्यांत, खाली रबरी चटई. परतताना बाबा प्रत्येक दिव्याकडे बोट दाखवून ‘मोटर, मोटर, ही पण मोटर’ करत होते. टेबलावर मेणबत्त्या होत्या बरं का, सेलवरच्या. उठताना आईने त्यातल्या एकीवर सवयीने फुंकर मारली.