मदत हवी आहे: बहिणीने हायड्रॉक्सीक्लोरोक्वीन चालू ठेवावे का?

मृण्मयी_ना
माझ्या धाकट्या बहिणीला डॉक्टरांनी हायड्रॉक्सीक्लोरोक्वीन सुरू केले आहे. ही तर मलेरियाची गोळी, आणि तिला मलेरिया कधी झालेलाच नाही. या गोळीने प्रतिकारशक्ती कमी होते, डोळे जातात, असे घरी सगळे म्हणत आहेत. गोळी बंद करावी का? उद्या तिच्या सासरची मंडळी येणार आहेत, त्यामुळे कृपया आजच सांगा.

अनिकेत७
ताई, आजार कोणता, मात्रा किती आणि तिचे वजन किती, हे कळल्याशिवाय उत्तर कसे देणार?

मृण्मयी_ना
ल्युपस आहे, म्हणजे प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटते तो आजार. रोज 400 मिलिग्रॅम, वजन 50 किलो. पण माझा प्रश्न प्रतिकारशक्तीबद्दल आहे.

कुमुद
मी ल्युपससाठी बरीच वर्षे हीच गोळी घेते आहे. मायकोफेनोलेट किंवा सायक्लोफॉस्फमाइड ही ल्युपसवरची दुसरी औषधे जशी प्रतिकारशक्ती दाबतात, तशी ही दाबत नाही. ती पेशींतल्या लायसोसोम नावाच्या आम्लधर्मी पिशव्यांत साठते आणि तिथली आम्लता कमी करते. त्यामुळे आपल्याच शरीरातल्या डीएनए-आरएनएला शत्रू समजून टीएलआर-7 आणि टीएलआर-9 हे पेशींतले संवेदक (रिसेप्टर) जी आरडाओरड करतात, ती मंदावते आणि इंटरफेरॉन या दाह वाढवणाऱ्या प्रथिनाची पातळी उतरते. जंतुसंसर्गाची भीती या गोळीपेक्षा स्टेरॉइडच्या मोठ्या मात्रेची जास्त असते. गुण यायला मात्र काही महिने लागतात.

वसंतराव_क
माझ्या मते गोळी ताबडतोब थांबवावी. कोविडसाठी दिलेली परवानगी अमेरिकेने जून 2020 मध्ये मागे घेतली, त्यामागे हृदयाच्या तक्रारीही होत्या.

अनिकेत७
वसंतराव, ती तुलना इथे लागू होत नाही. ब्रिटनच्या रिकव्हरी चाचणीत कोविडमुळे रुग्णालयात दाखल झालेल्या रुग्णांना पहिल्याच दिवशी किमान 2000 मिलिग्रॅम दिले होते. तिथे उपयोग झाला नाही, म्हणून ल्युपसमधला उपयोग खोटा ठरत नाही.

सुनील_पाटील_नगर
माझ्या वडिलांना हीच गोळी मधुमेहासाठी दिली आहे. आपल्याकडे 2014 पासून तशी परवानगी आहे. साखर उतरते, म्हणून उपाशीपोटी घेऊ नये.

मृण्मयी_ना
सुनीलजी, बहिणीला मधुमेह नाही. कृपया विचारले आहे तेवढ्याचेच उत्तर द्यावे. ती तीन महिन्यांची गरोदर आहे, म्हणून तर घाई आहे.

कुमुद
अहो, ही तर सर्वांत महत्त्वाची माहिती! मग गोळी आपल्या मनाने मुळीच बंद करू नका. ल्युपस असलेल्या गरोदर स्त्रियांनी हे औषध शक्यतो चालूच ठेवावे, असे संधिवाततज्ज्ञ सांगतात, कारण आजार उसळला तर आई आणि बाळ दोघांनाही धोका असतो. कॅनडात 1991 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, ज्यांची गोळी काढून निव्वळ नकली गोळी दिली, त्यांच्यात सहा महिन्यांच्या आत आजार उसळण्याचा धोका सुमारे अडीचपट होता. माझ्या दोन्ही बाळंतपणांत गोळी चालू होती. तिची अँटी-रो नावाच्या प्रतिपिंडांसाठीची रक्ततपासणी झाली आहे का? ती प्रतिपिंडे असतील तर बाळाच्या हृदयाचे ठोके मंदावू शकतात, आणि तो धोकाही ही गोळी कमी करते असे दिसते.

अनिकेत७
गोळी चालू ठेवण्याबद्दल कुमुदताईंशी मी सहमत आहे, परंतु मात्रेचे काय? नेत्रतज्ज्ञ दर किलो वजनामागे रोज 5 मिलिग्रॅमची मर्यादा सांगतात. 50 किलोला 250 होतात, म्हणजे एक दिवस 200 आणि एक दिवस 300. तिला 400 आहे.

कुमुद
गरोदरपणात मात्रा घटवायला सांगून तुम्ही त्यांना घाबरवू नका. योग्य मात्रेत पहिल्या पाच वर्षांत दृष्टिपटलाला इजा होण्याचे प्रमाण 1 टक्क्यापेक्षा कमी असते.

अनिकेत७
ताई, तुम्हीच "योग्य मात्रेत" म्हणालात. वीस वर्षांनंतर तेच प्रमाण सुमारे 20 टक्क्यांवर जाते, आणि तिला ही गोळी दीर्घकाळ घ्यावी लागणार आहे. सुरुवातीला काही डॉक्टर मुद्दाम जास्त मात्रा देतात, म्हणून स्वतः काहीही न बदलता, 400 किती महिने चालणार, एवढे त्यांना विचारावे. मृण्मयीताई, तिचे क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम दाखवणारा रक्तातला आकडा) किती आहे आणि लघवीतून प्रथिने जातात का? मूत्रपिंड मंद असेल तर औषध शरीरात साठते आणि सगळा हिशेब बदलतो. शिवाय डोळ्यांची पहिली तपासणी झाली आहे का?

मृण्मयी_ना
डोळ्यांची तपासणी झालेली नाही. क्रिएटिनिनचा कागद तिच्याकडे आहे. रात्री फोन करून आकडा इथे लिहिते. गोळी चालूच राहील, असे मी उद्या सासरच्यांना सांगेन.