घरचा बुफे: टेबल, ताटं आणि झाकणं

विषय: घरी बुफे मांडायचाय, टेबलाबद्दल विचारायचं आहे

नमस्कार मंडळी,

पुढच्या महिन्यात आमच्याकडे पंचवीस-तीस जण जेवायला येणार आहेत. सगळ्यांना बसवून वाढायचं म्हटलं तर तेवढी जागा नाही आणि वाढायला माणसंही नाहीत, म्हणून बुफे ठरवलाय. स्वयंपाक वाटून घेतलाय, त्याची काळजी नाही. अडलंय ते मांडणीपाशी.

जेवणाचं टेबल साधारण १८० सेंटिमीटर लांब आहे. ते भिंतीला लावू की खोलीच्या मधे ओढू? पाणी-सरबत आणि गोड त्याच टेबलावर ठेवावं का? गरम पदार्थ दोन-अडीच तास गरम राहायला काय करता तुम्ही? पाहुण्यांत तीन-चार जण सत्तरीच्या पुढचे आहेत, त्यातल्या एका काकूंना वॉकर लागतो. लहान मुलंही आहेत, आणि एका मुलाला शेंगदाणा अजिबात चालत नाही.

जे सुचेल ते लिहा. मी सगळं वहीत उतरवून घेणार आहे.

तुमची एक नवी सभासद


उत्तर: घरी बुफे मांडायचाय, टेबलाबद्दल विचारायचं आहे

अगं, टेबल मधेच घे. भिंतीला लावलंस की एकाच बाजूने वाढून घेता येतं, आणि मधे घेतलंस की दोन्ही बाजूंनी रांगा चालतात. तीस माणसांना हा फरक फार मोठा आहे. फक्त चारही बाजूंनी निदान ९० सेंटिमीटर जागा मोकळी राहील असं बघ. ताट हातात असलेल्या माणसाच्या मागून दुसऱ्याला जाता आलं पाहिजे. प्रत्येक भांड्यात दोन डाव, एकेका बाजूला एकेक. भांडी दुप्पट लागत नाहीत.

आता मुख्य गोष्ट. मंडळाच्या जेवणांना वाढण्याच्या टेबलापाशी उभं राहून मी बघत आलोय की रांग अडते ती हातांमुळे. माणसाच्या एका हातात ताट असतं, म्हणजे उरला एकच हात. टेबलावरची प्रत्येक गोष्ट त्या एका हाताने घेता आली पाहिजे. हे एवढं डोक्यात ठेवलंस की बाकीची मांडणी तुझी तुलाच सुचत जाईल.

झाकणाचंच बघ. माणूस पातेल्याशी येतो आणि झाकण उचलतो. आतून वाफेचं पाणी टेबलक्लॉथवर ठिबकतं. झाकण ठेवायला जागा नसते, म्हणून तो ते शेजारच्या भांड्यावर तिरकं टेकवतो. मग डाव शोधतो. डाव रश्श्यात दांड्यासकट बुडालेला असतो, तो बोटांनी काढतो, बोटं पुसायला नॅपकिन शोधतो. तोवर मागे सहाजण थांबलेले असतात. हे सगळं टाळता येतं. झाकणं काढून ठेव. डाव लांब दांड्याचे घे आणि प्रत्येक भांड्यापुढे डाव ठेवायला एक बशी ठेव. सॅलडला दोन चमचे लागतात म्हणजे दोन हात लागतात, तिथे चिमटा ठेव. ब्रेड कापून ठेव, केक कापून ठेव, जे जे कापायचं ते सगळं आधीच कापून ठेव. टेबलावर सुरी नकोच.

चमचे, काटे आणि नॅपकिन टेबलाच्या शेवटच्या टोकाला. हे बऱ्याच घरांत उलटं असतं, ताटांच्या शेजारीच चमचे. मग माणूस ताटासोबत चमचा-काटाही धरून पुढे सरकतो आणि रिकामा हातही अडकतो. चमचा, काटा नॅपकिनमध्ये गुंडाळून ठेवलास तर शेवटी एकच गोष्ट उचलायची राहते. सुरुवातीला फक्त ताटं, आणि एका गठ्ठ्यात दहा-बाराच. उंच गठ्ठ्यातून एका हाताने ताट काढताना वरची सरकतात.

क्रमाचं म्हणशील तर भात आधी, रस्सा नंतर. रस्सा आधी आला की लोक तो वाटीत घेतात आणि मग भातासाठी पुन्हा मागे येतात. ज्या पदार्थावर जे घालायचं ते त्याच्या लगेच पुढे, सॅलडवरचं ड्रेसिंग सॅलडच्या आधी ठेवू नकोस. पातळ पदार्थ टेबलाच्या कडेजवळ, म्हणजे ताट भांड्याला टेकवून वाढून घेता येतं आणि मधे सांडत नाही. मधल्या भागाला उंची द्यायची असेल तर टेबलक्लॉथखाली भक्कम खोकी पालथी घाल, पण त्यावर कोरडं आणि हलकंच ठेव, फळं किंवा ब्रेडची टोपली. गरम पातळ पदार्थ उंचावर कधीच नको. त्याच्यावरून हात नेऊन पलीकडचं काही घ्यावं लागेल अशी मांडणीही नको.

एका भांड्याला डावाच्या बशीसकट तीस-पस्तीस सेंटिमीटर लागतात. दोन्ही टोकांना ताटांची आणि चमच्यांची जागा सोडलीस तर तुझ्या टेबलावर एका ओळीत चारच भांडी मोकळी बसतात. त्याहून जास्त पदार्थ असतील तर दुसरं छोटं टेबल लाव, दाटी करू नकोस.

पाणी-सरबत वेगळ्या टेबलावर, जेवणापासून लांब. पेला भरायला वेळ लागतो आणि लोक जेवताना चार वेळा पाण्याला येतात, त्यांना वाढण्याच्या रांगेत शिरायला लावू नये. गोडाचंही तेच. जेवण निम्म्यावर आलं की बाहेर काढ.

आदल्या रात्री रिकामी भांडी मांड, प्रत्येकात पदार्थाच्या नावाची चिठ्ठी टाक, हातात एक ताट घे आणि दोन्ही बाजूंनी चालून बघ. कुठे हात अवघडतो ते तिथेच कळेल.

खानपान समितीतला काका


उत्तर: घरी बुफे मांडायचाय, टेबलाबद्दल विचारायचं आहे

नमस्कार,

काकांची मांडणी मला पूर्ण पटली, एक गोष्ट सोडून. गरम पदार्थांची झाकणं काढून ठेवणं मला मान्य नाही. मी अन्नतपासणीच्या प्रयोगशाळेत काम करते, त्यामुळे हे जरा सविस्तर लिहिते.

जागतिक आरोग्य संघटनेने २००१ मध्ये सुरक्षित अन्नासाठी पाच सूत्रं प्रसिद्ध केली. त्यातलं एक तापमानाचं आहे: शिजवलेलं अन्न वाढेपर्यंत ६० अंश सेल्सियसच्या वर, थंड ठेवायचं ते ५ अंशांच्या खाली, आणि शिजवलेलं अन्न खोलीच्या तापमानाला दोन तासांहून जास्त नाही. ५ ते ६० च्या मधे जंतू झपाट्याने वाढतात. उघड्या, पसरट भांड्यातला रस्सा किती लवकर साठच्या खाली येतो हे एकदा थर्मामीटर लावून बघा. टोचायचा स्वयंपाकाचा थर्मामीटर महाग नसतो, आणि बुफेच्या दिवशी तो खिशात असावाच.

गरम ठेवायला चेफिंग डिश (खाली गरम पाण्याचा ट्रे आणि त्याखाली छोटी ज्योत असलेलं वाढायचं भांडं) वापरणार असाल तर लक्षात घ्या, ती अन्न गरम ठेवते, गार झालेलं गरम करत नाही. खालच्या ट्रेमध्ये उकळतं पाणी घाला आणि वरच्या भांड्यात गॅसवरून नुकताच उतरवलेला, वाफाळता पदार्थ ओता. ट्रेखाली पेटवायच्या जेल-इंधनाचा डबा किती तास जळतो ते त्यावर लिहिलेलं असतं, ते वाचूनच पेटवा. अल्कोहोलच्या जेलची ज्योत उजेडात जवळजवळ दिसत नाही. विझला असं वाटून कुणी हात घालू नये, आणि तापलेल्या डब्यात पुन्हा जेल तर मुळीच भरू नये. टेबलक्लॉथची लोंबती कडा किंवा कागदी नॅपकिन जवळ नको. मुलं आहेत म्हणता, तर मी विजेवरचा स्लो कुकर किंवा गरम ट्रे सुचवेन. पण दोन-तीन उपकरणं एकाच एक्स्टेन्शनवर लावू नका, आणि वायर चालायच्या वाटेवर येऊ देऊ नका.

याहून सोपा उपाय म्हणजे लहान भांडी. सगळा रस्सा एकदम टेबलावर आणू नका. निम्मा आत मंद आचेवर राहू द्या. बाहेरचं भांडं संपत आलं की ते उचला आणि दुसरं भरलेलं भांडं ठेवा. अर्ध्या संपलेल्या भांड्यात नवीन ओतू नका. जुन्यात नवीन मिसळलं की बाहेर किती वेळ राहिलं याचा हिशोबच लागत नाही. थंड पदार्थांचंही असंच: वाडगा बर्फाच्या परातीत बसवा आणि थोडं थोडं काढा.

भाताबद्दल मुद्दाम सांगते, कारण त्याची कुणाला शंका येत नाही. तांदळात बॅसिलस सेरियस नावाच्या जंतूचे बीजाणू, म्हणजे त्याची सुप्त, चिवट रूपं, असू शकतात आणि ते शिजवूनही मरत नाहीत. भात कोमट अवस्थेत तासन्‌तास राहिला की ते वाढतात, आणि त्यांचं उलट्या करणारं विष पुन्हा गरम केल्यानेही जात नाही. त्यामुळे दोन तासांहून जास्त बाहेर राहिलेला भात दुसऱ्या दिवसासाठी ठेवू नका, टाका. आतला, टेबलावर न आलेला भात मात्र उथळ ट्रेमध्ये पसरून लगेच निववा आणि फ्रिजमध्ये ठेवा. खोल पातेल्यात तो मधोमध फार वेळ कोमट राहतो.

सूक्ष्मजीवशास्त्रवाली ताई


उत्तर: घरी बुफे मांडायचाय, टेबलाबद्दल विचारायचं आहे

ताईंचं बरोबर आहे. मग बिजागरीचं झाकण असलेली भांडी घ्या. मागे ढकललं की ते उभं राहतं, हात मोकळा, ठेवायचा प्रश्न नाही. ती नसतील तर प्रत्येक गरम भांड्यापाशी घरातलं कुणीतरी उभं राहून झाकण सांभाळू दे, निदान पहिली वीस मिनिटं. गर्दी तेवढीच असते. लहान भांड्यांचा उपाय मला फार आवडला, त्याने टेबल शेवटपर्यंत ताजंही दिसतं. अर्धवट खरवडलेल्या मोठ्या पातेल्यातून शेवटच्या पाहुण्याने वाढून घ्यावं हे मला कधीच बरं वाटलेलं नाही.

काका


उत्तर: घरी बुफे मांडायचाय, टेबलाबद्दल विचारायचं आहे

नमस्कार,

शेंगदाण्याबद्दल लिहिते, कारण आमच्या घरात एकाला त्याची ॲलर्जी आहे.

पदार्थावर चिठ्ठी लावणं चांगलंच, आणि चिठ्ठीवर नावापेक्षा आत काय आहे ते लिहा: शेंगदाणा, इतर सुका मेवा, तीळ, दूध, अंडं, गहू, सोया, मासे. पण बुफेत खरा धोका डावांचा असतो. शेंगदाण्याच्या पदार्थातला डाव कुणीतरी नकळत शेजारच्या भांड्यात ठेवतं आणि ती चिठ्ठी खोटी ठरते. तीव्र ॲलर्जी असलेल्याला तेवढंसंही पुरतं. म्हणून माझी विनंती आहे की त्या दिवशी टेबलावर शेंगदाणा आणूच नका. वरून भुरभुरवायलाही नको. स्वयंपाक वाटून घेतलाय ना, मग प्रत्येकाला आजच कळवा, आणि तेल कोणतं वापरणार तेही विचारा. त्या मुलाच्या आईवडिलांशी आधी बोला आणि त्याचं ताट सगळ्यांच्या आधी, डाव स्वच्छ असताना, त्यांनाच वाढून घेऊ द्या.

वॉकरवाल्या काकूंना दोन्ही हात वॉकरला लागतात, काकांचा तो एक हातही त्यांच्याकडे नसतो. त्यांना आधी बसवा, हाताच्या दांड्याची खुर्ची द्या, पुढे छोटं टेबल द्या आणि काय हवं ते विचारून वाढून आणा. टेबलापाशी जाऊन पदार्थ बघायची इच्छा असेल तर कुणीतरी ताट धरून सोबत चला. इतर वयस्कांनाही विचारा, गृहीत धरू नका. काहींना स्वतः वाढून घ्यायला आवडतं.

मुलांना मी वेगळं बुटकं टेबल लावते, त्यावर फक्त त्यांना हाताने घेता येईल असं. मोठ्या टेबलाचा टेबलक्लॉथ फार खाली लोंबू देऊ नका, छोटी मुलं ओढतात.

एक आई


उत्तर: घरी बुफे मांडायचाय, टेबलाबद्दल विचारायचं आहे

सगळ्यांचे मनापासून आभार! शेंगदाण्याचा निरोप सगळ्या घरांना गेला, एकीने लगेच पदार्थ बदलला.

आज टेप लावून मोजलं. टेबल मधे घेतलं तर एका बाजूला ९० सेंटिमीटर मिळतात, दुसऱ्या बाजूला जेमतेम ५०. सोफा हलणार नाही. काका, आता काय करू? आणि उष्ट्या ताटांचं काय करायचं हेही विचारायचं राहिलं होतं.


उत्तर: घरी बुफे मांडायचाय, टेबलाबद्दल विचारायचं आहे

५० मध्ये रांग चालवू नकोस, माणसं आडवी होऊन सरकतील. टेबल त्या बाजूला भिंतीकडे लाव आणि एकच रांग ठेव. पण मग सगळ्यांना एकदम बोलावू नकोस. आधी वयस्क आणि मुलांचे आईवडील, ते बसले की बाकीचे. ताटं दाराकडच्या टोकाला ठेवू नकोस, नाहीतर रांग दारात उभी राहते आणि येणाऱ्याला आत शिरता येत नाही. रांगेचा शेवट स्वयंपाकघरापासून लांब असू दे, म्हणजे भांडी बदलणाऱ्याला चमचे-नॅपकिनच्या घोळक्यातून वाट काढावी लागत नाही. एकच बाजू असल्याने भांड्यात एकच डाव ठेव, आणि एक जास्तीचा स्वयंपाकघरात हाताशी.

उष्ट्या ताटांना स्वतंत्र जागा दे, सगळ्यांना दिसेल अशी, वाढण्याच्या टेबलापासून लांब. एक रिकामं स्टूल, खाली पिशवी लावलेला मोठा डबा, शेजारी चमच्यांसाठी साबणाच्या पाण्याचं भांडं. सुरुवातीलाच त्यात एक वापरलेलं ताट तू स्वतः ठेव. ते दिसलं की बाकीचे आपोआप तिथेच ठेवतात. जागा दिसली नाही तर उष्टी ताटं वाढण्याच्या टेबलाच्या टोकाला जमायला लागतात, आणि दुसऱ्यांदा वाढून घ्यायला आलेल्याला ती बघून पुढे यावंसं वाटत नाही.

मंडळाकडे बिजागरीच्या झाकणांची चार भांडी आहेत. शुक्रवारी संध्याकाळी येऊन घेऊन जा, येण्याआधी फोन कर. नॅपकिन अंदाजापेक्षा जास्त आण आणि एक गठ्ठा पाण्याच्या टेबलावरही ठेव.

काका