मदत हवी आहे: मुलाचं लग्न बॉस्टनला नोंदवावं की डॅलसला?

नमस्कार मंडळी,

मी नाशिकला असते. मुलगा ६ वर्षं बॉस्टनला आहे. या वर्षी तो आणि त्याचा जोडीदार लग्न करताहेत. जोडीदारही मुलगाच, अमेरिकी नागरिक, मूळचा ओहायोतल्या सिनसिनाटीचा. घरात सगळं बोलून झालंय, आम्हा दोघांची मनापासून संमती आहे, त्यामुळे त्यावर सल्ला नको. कायद्याचं तेवढं सांगा.

मुलाला टेक्सासमधल्या डॅलसला नोकरी लागली आहे. ऑगस्टमध्ये बिऱ्हाड हलवायचं. त्याचं म्हणणं, तिकडे घर लागलं की निवांत नोंदणी करू. मी वाचायला बसले आणि धास्तावले. मॅसॅच्युसेट्सने, म्हणजे बॉस्टनच्या राज्याने, १७ मे २००४ पासून अशी लग्नं लावायला सुरुवात केली, अमेरिकेत सगळ्यांत आधी. पुढच्याच वर्षी टेक्सासच्या मतदारांनी 'लग्न म्हणजे एक पुरुष आणि एक स्त्री' अशी राज्यघटनेत दुरुस्ती केली, आणि ती ओळ अजून तिथे आहे! कॅलिफोर्नियाचं वाचून तर पोटात गोळा आला. जून २००८ ला परवानगी, नोव्हेंबरात मतदानाने बंद, २०१३ ला पुन्हा सुरू. मधल्या काही महिन्यांत सुमारे १८,००० जोडप्यांनी लग्नं केली होती. ती पुढे राज्याच्या कोर्टाने वैध धरली, पण निकाल येईपर्यंत त्या घरांमधून काय चाललं असेल?

मुलगा म्हणतो, "आई, २०१५ ला सगळं मिटलं." जोडीदाराला तो खटला तोंडपाठ आहे, त्याच्याच गावचा ना. जॉन आर्थर असाध्य आजाराने अंथरुणाला खिळलेले. ओहायोत लग्न होईना, म्हणून २०१३ मध्ये जिम ओबर्गफेल त्यांना वैद्यकीय विमानाने मेरीलँडला घेऊन गेले आणि विमान तळावर उभं असताना आतच लग्न लागलं. परत आले तर ओहायोच्या लेखी आर्थर अविवाहितच. आर्थर यांच्या मृत्यूच्या दाखल्यावर आपलं नाव लागावं म्हणून ओबर्गफेल यांनी मांडलेलं भांडण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं आणि २६ जून २०१५ ला जिंकलं, अशी लग्नं अमेरिकाभर कायदेशीर झाली. तेही ५ विरुद्ध ४ मतांनी. मला तोच आकडा झोपू देत नाही. गर्भपाताचा जवळजवळ ५० वर्षांचा निकाल २०२२ मध्ये फिरवलाच की.

तर नोंदणी कुठे करावी? उद्या तो निकाल फिरला तर यांचं लग्न राहील का? आणि आमचा गंगापूर रोडचा फ्लॅट दोघांच्या नावावर करता येईल का?

प्रतिसाद (ह्यूस्टनहून)

ताई, आधी हे सांगते की आज टेक्सासमध्ये लग्न होतं. घटनेतली ती ओळ आहे, पण २०१५ पासून ती लागू करता येत नाही. केंटकीच्या माजी काउंटी क्लार्क किम डेव्हिस यांनी तो निकालच रद्द करा अशी मागणी केली होती. १० नोव्हेंबर २०२५ ला सुप्रीम कोर्टाने तो अर्ज ऐकायलाही नकार दिला.

तरी तुमची धास्ती मला पटते. १३ डिसेंबर २०२२ ला बायडन यांनी सही केलेला एक केंद्रीय कायदा आहे. जिथे लग्न लागलं तिथे ते वैध असेल, तर इतर राज्यांनी ते मानलंच पाहिजे आणि केंद्र सरकारनेही. पण नवीन परवाने देण्याची सक्ती तो कायदा कुठल्याच राज्यावर करत नाही. म्हणजे निकाल फिरलाच, तर झालेली लग्नं राहतील, अडतील ती नव्याने करू पाहणारी. म्हणून लग्न लांबवू नका. बॉस्टनला सिटी क्लार्ककडे दोघांनी अर्ज द्यायचा, ३ दिवस थांबायचं, आणि अर्जाच्या दिवसापासून ६० दिवसांच्या आत लग्न. दाखल्याच्या चारपाच प्रमाणित प्रती तेव्हाच घ्या, ग्रीन कार्डलाही लागतील.

डॅलसला पोचल्यावर दोघांनी मृत्युपत्र आणि वैद्यकीय निर्णयांचं अधिकारपत्र करावं. हॉस्पिटलच्या दारात कोणी लग्नावर वाद घालायला नको.

प्रतिसाद (पुण्याहून)

भारतातलं मी सांगते. १७ ऑक्टोबर २०२३ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालानंतर इथे समलिंगी लग्नाला मान्यता नाही, त्यामुळे तिकडचा दाखला इथे पती-पत्नीच्या हक्कांसाठी चालणार नाही. फ्लॅट आत्ता दोघांच्या नावावर करायला जाऊ नका. परदेशी नागरिकाने इथे स्थावर घेण्यावर फेमाचे, म्हणजे परकीय चलनाच्या कायद्याचे, निर्बंध आहेत. मृत्युपत्र करा, आणि फेमा जाणणाऱ्या वकिलाकडूनच.

मी आणि माझी जोडीदार ९ वर्षं एकत्र राहतो. संयुक्त खातं आणि नॉमिनी याला आडकाठी नाही, असं अर्थ मंत्रालयाने ऑगस्ट २०२४ मध्ये स्पष्ट केलं, तेव्हा त्या पत्रकाची प्रत घेऊन आम्ही बँकेत गेलो. पासबुकावर दोघींची नावं छापून आली, ते पान मी आईला दाखवायला गावी घेऊन गेले होते. ताई, तुमच्या मुलाला तुम्ही आहात याचा मला फार आनंद झाला.

धागाकर्ती

दोघींचे आभार. रात्री व्हिडिओ कॉलवर सगळं वाचून दाखवलं. मुलगा आधी कुरकुरला, पण जोडीदारच म्हणाला की आई बरोबर सांगताहेत, सिनसिनाटीने आम्हाला तेच शिकवलंय. जुलैच्या पहिल्या आठवड्यात बॉस्टनला अर्ज देताहेत. आमच्या व्हिसाचं पाहतेय, नाहीच जमलं तर अक्षता कुरियरने जातील.

आता नाशकात असं मृत्युपत्र करून देणारे, फेमा माहीत असलेले वकील कोणाच्या ओळखीचे असतील तर व्यनि (खाजगी निरोप) करा. यांना गुडघ्याचा त्रास आहे, ऑफिस तळमजल्यावर असेल तर फार बरं.