स्नेक नदीवरची चार धरणं पाडावीत का?

नदीकाठ: अमेरिकेतल्या स्नेक नदीवरची खालची चार धरणं पाडावीत की नाही, यावर तिथे वर्षानुवर्षं वाद चाललाय. माझ्या मते पाडायलाच हवीत. आयडाहो राज्यातल्या रेडफिश लेक या तळ्यातला सॉकआय सॅमन (सॅमन माशाची एक जात) समुद्रात वाढतो आणि अंडी घालायला साधारण १,४०० किलोमीटर उलटा पोहत परत येतो. वाटेत, स्नेक जिला मिळते त्या कोलंबिया नदीची चार आणि स्नेकची चार धरणं. १९९२ मध्ये त्या तळ्यापर्यंत एकच मासा पोचला, तोही नर.

फिश लॅडर, म्हणजे माशांना धरण चढायला पाण्याच्या पायऱ्या, बांधलेत ना, असं लोक म्हणतात. वर चढणाऱ्या मोठ्या माशाचं त्यावर बऱ्यापैकी भागतं. हाल होतात ते पिल्लांचे. पूर्वी बर्फ वितळून आलेल्या लोंढ्याबरोबर ती झपाट्याने समुद्र गाठायची. आता एकामागून एक संथ, तापलेले जलाशय पार करायचे, आणि तिथे त्यांना गिळायला दुसरे मासे टपलेले.

स्पष्टवक्ता: एकच नर आला हे सांगितलंत, पुढचं गाळलंत. तो नर आणि पकडून जपलेले इतर काही मासे यांच्यावरच हॅचरीने, म्हणजे मासे पैदा करणाऱ्या केंद्राने, हा वंश टिकवला. २०१४ मध्ये दीड हजारांच्या आसपास मासे परत आले, धरणं जागेवर असताना. याच धरणांमुळे आयडाहोतल्या लुइस्टन बंदरापर्यंत बार्ज (मालवाहू सपाट बोटी) जातात, गहू समुद्राकडे निघतो. आणि कडाक्याच्या थंडीत वीज लागते तेव्हा काय, गॅस जाळायचा?

मत्स्यगंधा: हॅचरीने वंश वाचवला हे खरंच, त्या लोकांबद्दल मला आदर आहे. पण नदीत मादी आडवी होऊन शेपटीने गोटे उडवते, खड्डा करते, पाणी खेळतं का बघते, मग अंडी घालते. गाळ साचला की अंडी गुदमरतात. टाकीत ही पारख लागतच नाही. तिथे वरून पडणारं खाद्य पटकन उचलणारं पिल्लू तगतं, आणि पिढ्यान्‌पिढ्या तेच निवडलं जातं. कॅलिफोर्निया-ओरेगॉनमधल्या क्लॅमथ नदीवरची चार धरणं निघाली २०२४ मध्ये. त्याच ऑक्टोबरात चिनूक जातीचे सॅमन ओरेगॉनपर्यंत पोचले, शंभराहून जास्त वर्षांनी!

स्पष्टवक्ता: क्लॅमथची तुलना इथे लागू नाही. तिथे बार्ज नव्हते, वीजही थोडी. शिवाय वॉशिंग्टन राज्यातल्या प्युजेट साउंड खाडीच्या ओढ्यांत कोहो जातीचा सॅमन मरतो तो टायरमधल्या रसायनाने, हे २०२० मध्ये सिद्ध झालं. प्रत्येक मरणाचं खापर धरणावर फोडू नका.

नदीकाठ: कोहोचं मान्य, त्यावर वेगळा धागा काढू. पण २०१५ आठवा. कोलंबियात पाच लाखांवर सॉकआय आले आणि पाणी इतकं तापलं की जवळजवळ निम्मे वाटेतच मेले. स्नेकचे तर अगदी मोजकेच घरी पोचले, हॅचरीतून सोडलेले असूनही. ही चार धरणं पूरही अडवत नाहीत. आणि १८५५ च्या करारात नेझ पर्स या आदिवासी लोकांना मासेमारीचा हक्क लिहून दिलाय. मासाच उरला नाही तर त्या हक्काचं काय करायचं? गव्हासाठी सरकारने आधी रेल्वे सुधारून दिली, तर तुमचा विरोध राहील?

स्पष्टवक्ता: आधी रेल्वे, आधी पर्यायी वीज, चारपैकी आइस हार्बर या धरणावर अवलंबून असलेल्या शेतांना आधी पाण्याची सोय, मग धरण. हा क्रम कायद्यात लिहून द्या, मी विरोध सोडतो. नुसत्या आश्वासनावर नाही.

मत्स्यगंधा: क्रम चालेल, पण तारखेसकट. रेडफिश लेकच्या सॉकआयकडे आणखी वीस-तीस वर्षं नाहीत.