कपाटं काढून खुर्च्या मांडाव्यात का? तालुक्याच्या कॉलेजातलं ग्रंथालय

वऱ्हाडी_ग्रंथपाल
वऱ्हाडातल्या एका अनुदानित कॉलेजात मी ग्रंथपाल आहे. मागची बारा कपाटं रिकामी करून तिथे पन्नास खुर्च्या मांडाव्यात, असा प्रस्ताव मीच ग्रंथालय समितीपुढे ठेवला. सहकारी नाराज आहेत, म्हणून माझी बाजू इथे मांडतो.

त्या कपाटांत बहुतेक बी.कॉम.ची जुनी क्रमिक पुस्तकं आहेत, एकेकाच्या वीस-वीस प्रती. जीएसटी २०१७ मध्ये लागू झाला, ही पुस्तकं अजून व्हॅट शिकवतात. इकडे तास बाराला संपतात आणि गावची एसटी चारला येते. ते चार तास पोरांनी कुठे काढायचे? मुलींना बसस्थानकावर थांबणं नको वाटतं. तलाठी भरती, पोलीस भरतीचा अभ्यास याच चार तासांत होतो, आणि निम्मी पोरं जिन्यावर बसून करतात. मला ते रोज दिसतं.

रंगनाथनांनी १९३१ मध्ये मांडलेल्या पाच सूत्रांतलं पहिलंच आहे: ग्रंथ वापरासाठी असतात. एन-लिस्टमधून, म्हणजे कॉलेजांसाठीच्या ऑनलाइन ग्रंथसेवेतून, आज हजारो नियतकालिकं आणि लाखावर ई-पुस्तकं मोबाईलवर उघडतात. शोधगंगा या संकेतस्थळावरचे पीएच.डी.चे प्रबंध तर लॉगिनशिवाय, फुकट. त्याला कपाट लागत नाही, शिकवणारा माणूस लागतो. मला ते काम करायचं आहे.

मराठीचा_मास्तर
सर, तिसरं सूत्रही रंगनाथनांचंच: प्रत्येक ग्रंथाला त्याचा वाचक. तो आज आला नाही म्हणून पुस्तक रद्दीत घालायचं?

मी आधी ज्या कॉलेजात होतो तिथे असंच निर्लेखन झालं, म्हणजे जुनी पुस्तकं नोंदीतून कमी करून काढून टाकली. रद्दीवाला किलोवर सगळं घेऊन गेला. नंतर कळलं, त्या गठ्ठ्यांत बांधून ठेवलेले जुने दिवाळी अंक होते, आसपासच्या शाळांच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिका होत्या. जात्यावरच्या वऱ्हाडी ओव्यांवर काम करणारी माझी विद्यार्थिनी त्यातल्याच एका स्मरणिकेतला संग्रह शोधत आली. तो नेटवर नाही, दुसऱ्या कोणाकडेही सापडला नाही. आजही तिला काय सांगावं हे मला सुचत नाही.

आणि एन-लिस्टमधलं बहुतांश इंग्रजी आहे. मराठी माध्यमातून बी.ए.ला आलेल्या मुलानं त्यातलं काय वाचावं?

कपाशीवाली
सर, मी अशाच कॉलेजातून बीए केलं. तीन वर्षांत एन-लिस्टचं नावबी कोणी सांगितलं नाई. एमएले अमरावतीले गेली तवा समजलं का आपलं लॉगिन कॉलेजातच बनवून भेटते. नॅकच्या, म्हंजे कॉलेजले दर्जा देते त्या संस्थेच्या, फायलीत पावती लागते म्हणून पैसे भरले होते, पण पोरायले कोणी सांगाचं?

खुर्च्या मांडा, त्या पाह्यजेच. पण बुक बँकेची पुस्तकं काढू नका. आमच्या घरी एकच मोबाईल, तोबी बाबासंगं वावरात. संध्याकाळी तो घरी ये तवा लाईन नसे. बुक बँकेचं पुस्तक मात्र वर्षभर माह्यापाशी राये.

दाखल_नोंद
माझा खुर्च्यांनाच विरोध आहे. अभ्यासिका नगरपरिषदही काढू शकते. अभ्यासिकेला ग्रंथपाल लागत नाही, कुलूप उघडणारा शिपाई पुरतो, आणि हे संस्थाचालकांना आपल्याआधी कळतं. तुम्ही निवृत्त झालात की पद भरलं जाणार नाही.

डिजिटलच्या भरवशावर कपाटं काढताय, तर तेही बघा. संशोधन नियतकालिकं एकाच वर्गणीत देशभर देणाऱ्या ‘एक राष्ट्र, एक वर्गणी’ योजनेला २५ नोव्हेंबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाची मंजुरी मिळाली, तीन वर्षांसाठी ६,००० कोटी. पण ती केंद्र आणि राज्य सरकारांनी चालवलेल्या संस्थांसाठी. विदर्भातली तालुक्याची कॉलेजं बहुतेक खासगी शिक्षणसंस्थांची, अनुदान असलं तरी. मोठी दारं आपल्याला अजून बंदच आहेत.

वऱ्हाडी_ग्रंथपाल
पदाची भीती खरी आहे. त्यावर माझ्याकडे उत्तर नाही.

ताई, तुमचं मनाला लागलं. मीही इतकी वर्षं पोरं मागतील तेव्हाच लॉगिन देत आलो. यंदा प्रवेशाच्या वेळी, ओळखपत्रासोबतच देतो. चालू अभ्यासक्रमाच्या बुक बँकेला हात लावणार नाही.

मास्तर, स्मरणिका आणि अंकांसाठी दोन कपाटं वेगळी ठेवतो. मराठी आणि इतिहास विभागानं पाहिल्याशिवाय एकही गठ्ठा बाहेर जाणार नाही, हे ठरावात लिहून घेतो. पण व्हॅटची पुस्तकं जातील आणि खुर्च्या येतील. पोरांना जिन्यावर बसवून मी ती कपाटं सांभाळणार नाही.

मराठीचा_मास्तर
खुर्च्यांबद्दल माझं मत बदललेलं नाही. पण गठ्ठे बघायला मी स्वतः येतो, शेजारच्याच तालुक्यात आहे. शनिवारी सकाळचे तास संपले की निघतो, आमच्या इतिहासाच्या मॅडमही येतील. दाखल नोंदवह्या, म्हणजे आलेल्या प्रत्येक पुस्तकाला क्रमांक देणाऱ्या वह्या, अगदी पहिल्या खंडापासून, बाहेर काढून ठेवा. क्रमिक पुस्तकांच्या गठ्ठ्यांतही कुणीतरी मध्येच अंक कोंबलेले असतात, म्हणून एकेक दाखल क्रमांक ताडूनच पाहू.